कोयनेचा तडा: संगणकावर पुन्हा पुन्हा हलवलेलं धरण

काँक्रीटची धरणं भूकंपात कशी वागतात याचं गणित शिकायला बसलेला विद्यार्थी रुरकीचा असो, तेहरानचा असो की बीजिंगचा, त्याच्या पडद्यावर कधी ना कधी एक ठरावीक आकृती येतेच. उंची १०३ मीटर, तळाची रुंदी सुमारे ७० मीटर, माथ्याची १४.८ मीटर. पाण्याकडची बाजू जवळजवळ सरळ उभी. दुसऱ्या बाजूला मात्र माथ्यापासून साडेछत्तीस मीटर खाली उतार एकदम बदलतो आणि तिथून भिंत पायाकडे झपाट्याने रुंदावत जाते. हे सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातलं कोयना धरण. ॲबॅकस या सॉफ्टवेअरच्या उदाहरणांच्या पुस्तिकेत ते आहे. काँक्रीट फुटण्याचं नवं मॉडेल कुणी मांडलं की त्याची पहिली परीक्षाही बहुधा याच धरणावर होते.

याचं कारण साधं आहे. मोठं काँक्रीटचं धरण जबर हादऱ्यात सापडलं, हादऱ्याची नोंद खुद्द धरणातल्या यंत्रावर झाली आणि नंतर तडे कुठे गेले हे माणसांनी डोळ्यांनी पाहिलं, असं तिन्ही एकत्र जुळून आलेली उदाहरणं जगात फारच थोडी आहेत. कोयना त्यातलं सर्वांत जास्त अभ्यासलेलं. संगणकावरच्या सिम्युलेशनला खरं-खोटं ठरवणारा साक्षीदार लागतो, आणि तो इथे मिळतो. पण या साक्षीदाराकडून नेमकं काय कळतं आणि काय कळत नाही, याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. कारण ‘माझ्या मॉडेलमध्ये तडा बरोबर जागी आला’ एवढ्यावर समाधान मानणारे प्रबंध मी बरेच वाचले आहेत.

११ डिसेंबर १९६७

धरणात पाणी अडवायला १९६२ च्या सुमारास सुरुवात झाली आणि त्यानंतर परिसरात छोटे धक्के जाणवू लागले. दख्खनचं पठार तोवर भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजलं जाई. धक्के वाढले तशी परिसरात भूकंपमापक बसवण्यात आले आणि धरणाच्या गॅलरीत, म्हणजे भिंतीच्या आतल्या भुयारी मार्गात, जोरदार हादऱ्यांचं त्वरण नोंदवणारं यंत्रही आलं. ११ डिसेंबरच्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली, हजारावर जखमी झाली, कोयनानगरमधली बहुतेक घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. हादरा मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला.

धरणाच्या १-अ या ब्लॉकमधल्या (ब्लॉक म्हणजे धरणाच्या लांबीतला एक सुटा भाग) यंत्राने त्या रात्री नोंदवलेले आकडे असे: धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ g, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने ०.४९ g, उभ्या दिशेने ०.३४ g. (g म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण.) धरणाचा आराखडा करताना धरलेला आकडा होता ०.०५.

धरण फुटलं नाही. ते फुटलं असतं तर खाली पाटण होतं आणि पुढे कोयना-कृष्णेच्या संगमावर कराड. सांडव्याच्या भागाला विशेष काही झालं नाही. पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच ब्लॉकांना आडवे तडे गेले, पाण्याच्या बाजूलाही आणि मागच्या बाजूलाही, आणि ते साधारण त्याच पातळीवर, जिथे मागचा उतार बदलतो. काही ब्लॉकांमधून पाणी झिरपू लागलं.

म्हणजे प्रश्न हा, की दहा सेकंदांच्या हादऱ्यात धरण नेमकं मानेशीच, म्हणजे मागचा उतार बदलतो त्या अरुंद जागीच, का फुटलं, आणि फुटूनही उभं का राहिलं?

जुनी रीत काय सांगत होती

तेव्हाच्या रीतीप्रमाणे धरण म्हणजे एक ताठ, न वाकणारा ठोकळा. त्याच्या वजनाला भूकंप-गुणकाने, इथे ०.०५ ने, गुणायचं आणि तेवढं आडवं बल सगळ्या उंचीवर सारखं लावून धरण घसरत वा उलटत नाही ना हे पाहायचं. ही रीत आळशीपणाची नव्हती. हाती संगणक नसताना हेच करता येत होतं, आणि जगभर हेच करत.

मानेच्या छेदापुरतं हे गणित कागदावर करून पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. धरणाचा एक मीटर लांबीचा काप घेऊ. मानेवरच्या भागाची रुंदी वर १४.८ आणि खाली १९.३ मीटर, उंची ३६.५ मीटर. म्हणजे क्षेत्रफळ ६२२ चौरस मीटर. काँक्रीटची घनता २,६४३ किलो प्रति घनमीटर धरली तर वजन सुमारे १,६४५ टन. हे वजन १९.३ मीटर रुंदीवर पसरलं की सरासरी दाब येतो ८५ टन प्रति चौरस मीटर. वरच्या भागाचा गुरुत्वमध्य मानेच्या मध्यापासून साधारण एक मीटर पाण्याच्या बाजूला सरकलेला आहे, त्यामुळे तिकडे दाब २८ टनांनी वाढतो आणि मागच्या बाजूला तेवढाच कमी होतो. भूकंपाच्या वेळी तलावात पाणी ९१.७५ मीटर होतं, म्हणजे मानेच्या वर सव्वापंचवीस मीटर. त्याचा रेटा ३१९ टन, आणि त्यामुळे येणारा वाकण्याचा ताण ४३ टन प्रति चौरस मीटर, पाण्याच्या बाजूला ओढ आणि मागच्या बाजूला दाब.

आता ०.०५ चं आडवं बल: ८२ टन, मानेपासून साडेसतरा मीटर उंचीवर. त्याचा ताण अवघा २३ टन प्रति चौरस मीटर. तो कुठल्याही बाजूला लावा, दोन्ही चेहऱ्यांवर दाबच शिल्लक राहतो. पाण्याच्या बाजूला कमीत कमी ४७ टन, मागच्या बाजूला ७७. ओढ कुठेच नाही. या रीतीने पाहिलं तर मान हा धरणाचा काळजी करण्याजोगा भागच नव्हता. काळजी असते ती पायाची, आणि आराखडा करणाऱ्यांचं लक्ष तिथेच होतं.

आता धरण वाकतं हे मान्य करू. रिकाम्या तलावाच्या स्थितीत या छेदाचा स्वतःचा पहिला हेलकावा सुमारे ०.३३ सेकंदाचा येतो. भूकंपाच्या लहरींमध्ये नेमक्या या वेगाच्या आसपास भरपूर ऊर्जा असते. पाया ०.४९ g ने हलला तरी माथा त्याच्या कितीतरी पट हलतो. समजा, मानेवरच्या भागाचं सरासरी त्वरण फक्त १ g झालं. तेवीसला वीसने गुणा: ४६० टन. दोन्ही बाजूंचा उरलेला स्थिर दाब वजा केला तरी ३६० ते ३९० टन प्रति चौरस मीटर ओढ राहते, म्हणजे साडेतीन मेगापास्कलच्या वर. कोयनेच्या काँक्रीटची ओढ सहन करण्याची ताकद अभ्यासांमध्ये २.९ मेगापास्कल धरतात. मान फुटणारच.

सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी एवढा हिशेब प्रत्येकाने करावा असं मला मनापासून वाटतं. पुढे संगणक ३५ मेगापास्कल किंवा ०.३५ मेगापास्कल दाखवू लागला तर कुठेतरी एकक चुकलं आहे, हे ओळखायला दुसरा उपाय नाही.

१९७३: बर्कलीतलं उत्तर

अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रवर्ती यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत हे धरण फायनाईट एलिमेंट पद्धतीने, म्हणजे छेदाचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून, सोडवलं आणि १९७३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पद्धत तेव्हा तरुण होती. तिला हे नाव बर्कलीच्याच रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिलं होतं, आणि स्थापत्यातला तिचा पहिला मोठा वापरही धरणावरच झाला होता: अमेरिकेतल्या आर्कान्सामधलं नॉरफोर्क धरण, ज्याच्या काँक्रीटमध्ये तापमानातल्या फरकामुळे तडा गेला होता. तडा गेलेलं धरण आणि ही पद्धत यांचं नातं असं सुरुवातीपासूनचं आहे.

चोप्रा आणि चक्रवर्ती यांचं मॉडेल रेषीय होतं, म्हणजे त्यात काँक्रीट फुटतच नाही, ताण कितीही वाढू शकतो. तरीही उत्तर बोलकं होतं. उंच ब्लॉकांमध्ये सर्वांत मोठी ओढ पायाशी न येता उतार बदलतो त्याच पातळीवर आली, आणि ती काँक्रीटच्या ताकदीच्या दुप्पट-तिप्पट होती. सांडव्याच्या ब्लॉकांमध्ये एवढे ताण आले नाहीत. प्रत्यक्षात जे घडलं त्याच्याशी दोन्ही निष्कर्ष जुळले, आणि माझ्या मते यातला दुसरा जास्त मोलाचा. जिथे तडा गेला तिथे गेला असं सांगणं सोपं असतं. त्याच हादऱ्यात, त्याच काँक्रीटचा शेजारचा ब्लॉक का वाचला, हेही त्याच मॉडेलने सांगितलं, तेव्हा त्यावर विश्वास बसतो.

भूकंप-गुणकाच्या रीतीचा पायाच इथे हलला. चूक केवळ ०.०५ या आकड्याची नव्हती. आकडा दुप्पट केला असता तरी बल उंचीवर सारखं वाटल्यामुळे मान सुरक्षितच दिसली असती.

१९८० मध्ये क्लफ आणि निवा यांनी बर्कलीच्या हलत्या टेबलावर कोयनेच्या छेदाची दीडशेपट लहान प्रतिकृती हलवून पाहिली. तीही मानेजवळच फुटली.

कोपऱ्यातला ताण

वर कागदावर केलेल्या हिशेबात पाण्याच्या बाजूची ओढ मागच्या बाजूपेक्षा थोडी जास्त येते. फायनाईट एलिमेंटच्या उत्तरात नेमकं उलट होतं, मागच्या बाजूची ओढ ठळकपणे मोठी येते. फरक पडतो तो कोपऱ्यामुळे. मागचा उतार बदलतो तिथे काँक्रीटच्या आतला कोन सुमारे २१० अंशांचा आहे, म्हणजे भिंत तिथे आत दबल्यासारखी आहे. ताणाच्या रेषा अशा कोपऱ्यात दाटतात. वर वापरलेलं तुळईचं साधं सूत्र हे पाहू शकत नाही.

पण इथेच नवशिक्यांची फसगत होते. रेषीय सिद्धांतानुसार असा धारदार आतला कोपरा असेल तर त्या बिंदूवरचा ताण अमर्याद असतो. मेश, म्हणजे एलिमेंटांची जाळी, बारीक करत जा, आकडा वाढत जाईल, थांबणार नाही. कोयनेच्या कोनात ही वाढ मंद असते, म्हणून ती पटकन लक्षात येत नाही आणि आकडा ‘स्थिरावत आला’ असं वाटतं. कुणी मला त्या कोपऱ्यातल्या नोडवरचा (जाळीच्या बिंदूवरचा) ताण तीन दशांश स्थळांपर्यंत दिला तर मी आधी विचारीन, मेश केवढी होती? तो आकडा मेशचा असतो, धरणाचा नव्हे. कोपऱ्यापासून थोडं आत, ठरावीक अंतरावरचे ताण पाहावेत, किंवा फुटण्याची ऊर्जा लक्षात घेणाऱ्या मॉडेलकडे वळावं.

पाणी कसं मांडायचं

तलावातलं पाणी स्थिर असताना रेटा देतं तेवढंच नाही, धरण हलू लागलं की ते धरणाबरोबर हलायला विरोध करतं. वेस्टरगार्ड यांनी १९३३ मध्ये याचं एक सुटसुटीत सूत्र दिलं. पाणी दाबलं जात नाही आणि धरण ताठ आहे असं मानलं तर पाण्याचा परिणाम म्हणजे धरणाच्या चेहऱ्याला चिकटलेलं जादा वस्तुमान. कोयनेच्या पाण्याच्या पातळीला ते तळाशी प्रत्येक चौरस मीटरला ८० टन येतं आणि मानेशी ४२ टन. हे किरकोळ नाही. मानेच्या छेदात १९.३ मीटर काँक्रीटचं वस्तुमान चेहऱ्याच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ५१ टन असतं, म्हणजे त्या पातळीवर पाणी जवळपास धरणाइतकंच जड होऊन बसतं. हेलकावा लांबतो, बलं वाढतात.

ॲबॅकसच्या उदाहरणात हेच सूत्र वापरलं आहे आणि शिकण्यासाठी ते ठीक आहे. पण ते सूत्र काढताना धरण ताठ मानलं होतं, आणि कोयनेचा सगळा धडा धरण ताठ नसतं हाच आहे. पाणी थोडं दाबलं जातं, तळाच्या गाळात लहरी शोषल्या जातात, काही ऊर्जा तलावाच्या वरच्या अंगाला निघून जाते. चोप्रा आणि फेन्व्ह्ज यांनी १९८४ मध्ये तयार केलेल्या ईएजीडी-८४ या प्रोग्रॅममध्ये धरण, पाणी आणि पाया यांची ही देवाणघेवाण आहे. पदव्युत्तर प्रबंधात तरी दोन्ही रीतींनी उत्तर काढून फरक दाखवावा असं मी सुचवीन.

तडा उघडतो तेव्हा

रेषीय मॉडेल तडा कुठे सुरू होईल ते सांगतं. तो किती आत जाईल, धरण पुढे उभं राहील का, हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी फुटणारं काँक्रीट हवं.

काँक्रीट ओढलं की २.९ मेगापास्कलला लगेच दोन तुकडे होत नाहीत. ताकद हळूहळू ओसरते आणि त्या प्रवासात ऊर्जा खर्च होते. कोयनेच्या अभ्यासांमध्ये एक चौरस मीटर तडा पूर्ण उघडायला साधारण २०० ज्यूल धरतात. हा आकडा मॉडेलमध्ये कसा घातला यावर सगळं अवलंबून आहे. ताण आणि विकृती (लांबीत झालेला प्रमाणशीर बदल) यांचा उतरता आलेख सरळ दिला तर तडा नेहमी एका एलिमेंटच्या रुंदीत गोळा होतो, आणि एलिमेंट निम्मं केलं की फुटायला लागणारी ऊर्जाही निम्मी होते. मेश पुरेशी बारीक केली तर धरण फुंकरीने फुटेल. म्हणून आलेख विकृतीऐवजी तड्याच्या उघडण्यावर द्यायचा, किंवा एलिमेंटच्या आकारानुसार तो बदलायचा.

हे करणाऱ्या अभ्यासांपैकी ली आणि फेन्व्ह्ज यांचा १९९८ चा अभ्यास मला सर्वांत स्वच्छ वाटतो. ॲबॅकसमधलं काँक्रीटचं मॉडेल मुख्यतः त्यांच्याच कामावर आणि त्याआधीच्या लुब्लिनर आदींच्या कामावर उभं आहे. ओढीतली हानी आणि दाबातली हानी वेगवेगळी मोजायची. तडा उघडला की ओढीचा ताठरपणा जातो, पण हेलकावा उलटून तडा मिटला की काँक्रीट पुन्हा दाब वाहू लागतं. भूकंपात हे सेकंदात कितीतरी वेळा घडतं. त्यांच्या उत्तरात मानेशी तडा सुरू होतो आणि आत वाढत जातो. त्यानंतर वरचा भाग वेगळ्या ठोकळ्यासारखा मागे-पुढे डोलतो. धरण तरीही स्थिर राहतं. तडा गेल्यानंतरच्या वागण्यावर उभ्या दिशेच्या हादऱ्याचाही परिणाम होऊ शकतो. फक्त आडवा हादरा लावून मोकळं होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

त्यांच्या कामातली एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते, ती डॅम्पिंगची, म्हणजे हेलकावे हळूहळू विझवणाऱ्या विरोधाची. सवयीने लोक डॅम्पिंग ताठरपणाच्या प्रमाणात धरतात. कोयनेच्या पहिल्या हेलकाव्याला ३ टक्के डॅम्पिंग हवं असेल तर गुणक ०.००३२३ सेकंद येतो, आणि ॲबॅकसच्या उदाहरणात तोच आहे. आता न फुटलेल्या काँक्रीटचाच ताठरपणा शेवटपर्यंत वापरला तर काय होतं पाहा. एक मीटरच्या एलिमेंटमध्ये तडा सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगाने उघडतो आहे असं धरा. ताठरपणा ३१,०२७ मेगापास्कल, गुणिले ०.००३२३ सेकंद, गुणिले ०.१ प्रति सेकंद. उत्तर १० मेगापास्कल. काँक्रीटची ताकद २.९, ती संपलेली, आणि डॅम्पिंगचं कृत्रिम बल तिच्या तिपटीहून जास्त जोराने तडा सांधून धरतं आहे! चित्र छान दिसतं, तडा दिसतो, पण त्याच्या आरपार नसलेलं बल वाहत राहतं आणि माथ्याची हालचाल खोटी कमी येते. ली आणि फेन्व्ह्ज यांनी डॅम्पिंगला हानी झालेल्या ताठरपणाशीच जोडलं, जसजसं काँक्रीट फुटेल तसतसं तिथलं डॅम्पिंगही कमी होतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे का, आणि ती चालू आहे का, हे तपासल्याशिवाय तड्याच्या रुंदीबद्दल एक शब्दही लिहू नये.

वेळेच्या पायऱ्यांबद्दल थोडक्यात. या काँक्रीटमध्ये ताणाची लहर सेकंदाला सुमारे ३,४०० मीटर जाते. पुढची स्थिती थेट मागच्या स्थितीवरून काढणारी पद्धत वापरली तर एक मीटरच्या एलिमेंटसाठी पायरी ०.३ मिलिसेकंदाच्या आत ठेवावी लागते, म्हणजे दहा सेकंदांना तीस हजारांवर पायऱ्या. आजच्या साध्या लॅपटॉपलाही हे जड नाही.

फुटूनही उभं का राहिलं

याचं उत्तर कागदावरही निघतं, आणि ११ डिसेंबरच्या सकाळी तिथे असलेल्या अभियंत्यांसाठी सर्वांत निकडीचा प्रश्न हाच असणार.

मानेचा तडा आरपार गेला असं धरू, काँक्रीटची पकड शून्य. वरच्या ठोकळ्याचं वजन १,६४५ टन, पाण्याचा रेटा ३१९ टन. तड्यात पाणी शिरलं आणि सगळ्या रुंदीवर पूर्ण दाबाने वर उचलू लागलं, तर उचल ४८७ टन. म्हणजे खाली दाबणारं वजन १,१५८ टन उरतं. ३१९ भागिले १,१५८ म्हणजे ०.२८. खडबडीत फुटलेल्या काँक्रीटवर काँक्रीटचं घर्षण याच्या कितीतरी जास्त असतं. उलटण्याचं पाहिलं तर मागच्या कडेभोवती वजनाचा आधार देणारा आघूर्ण साडेसतरा हजार टन-मीटरच्या पुढे, आणि उलटवणारा, पाणी आणि उचल मिळून, सुमारे ७,४०० टन-मीटर. दुपटीहून जास्त राखीव.

ज्या जाड माथ्यामुळे जडत्वाचं बल वाढलं आणि मान फुटली, त्याच जाडीच्या वजनाने वरचा ठोकळा जागेवर धरून ठेवला. हादऱ्यादरम्यान तो डोलला, सरकलाही असेल, पण प्रत्येक धक्का सेकंदाच्या अंशापुरता असतो आणि लगेच उलटतो. ठोकळा घसरायला वा उलटायला लागतो तेवढा वेळ भूकंप एका दिशेने रेटत नाही. सिम्युलेशनमधून येणारं ‘स्थिर राहतं’ हे उत्तर त्यामुळे पटतं. सूत्रातल्या योगायोगाने ते आलेलं नाही.

चित्र जुळलं म्हणजे काय सिद्ध झालं

आता मूळ मुद्द्याकडे. १९७३ च्या रेषीय मॉडेलने मान दाखवली. नंतरच्या पसरट तड्यांच्या मॉडेलांनी, ली-फेन्व्ह्ज यांच्या मॉडेलने, तड्याची रेष एलिमेंटच्या आरपार नेणाऱ्या अलीकडच्या पद्धतींनी, सगळ्यांनी मानच दाखवली. एकमेकांशी न पटणारी गृहीतकं असलेली मॉडेलं एकच चित्र देत असतील, तर ते चित्र मॉडेलमधला फरक तपासू शकत नाही. जाड माथा, अरुंद मान, आतला कोपरा: या आकाराला पुरेसं हलवलं की तो तिथेच फुटणार. कोयनेचं चित्र जुळणं ही पास होण्यापुरती परीक्षा झाली, गुणवत्तेची नव्हे.

चांगल्या मॉडेलला आणखी प्रश्न विचारावे लागतात. त्याच नोंदीने सांडव्याचा ब्लॉक हलवला तर तो शाबूत राहतो का? कमी उंचीचे ब्लॉक? ओढीची ताकद २.९ ऐवजी २ किंवा ४ धरली तर तडा किती बदलतो? बहुतेक मॉडेलांमध्ये टाचेशी, पाण्याच्या बाजूला पायाजवळही हानी दिसते. ती खरी की पाया दगडासारखा ताठ धरल्यामुळे उगवलेली? पाण्याखालच्या टाचेशी काय झालं हे मानेइतकं डोळ्यांनी तपासता येत नाही, म्हणून हा प्रश्न टाळण्याचा मोह होतो. पायाचा खडक लवचिक धरून आणि लहरींना बाहेर जायला वाट देऊन पुन्हा चालवलं की टाचेवरचा ताण बदलतो, आणि किती बदलतो तेवढं प्रामाणिकपणे लिहिलं तरी काम झालं.

आणखी एक गोष्ट थेट नोंदीबद्दल. यंत्र धरणाच्या गॅलरीत होतं, मोकळ्या खडकावर नव्हतं. म्हणजे त्या ०.४९ g मध्ये धरणाचा स्वतःचा हेलकावाही थोडाफार मिसळलेला असू शकतो. तीच नोंद पायाखाली जशीच्या तशी लावली तर तो वाटा दुसऱ्यांदा मोजला जातो. शिवाय सर्वांत मोठं त्वरण, ०.६३ g, धरणाच्या लांबीच्या दिशेने होतं, आणि एका कापाच्या सपाट मॉडेलमध्ये ती दिशाच नाही. ब्लॉकांमधले सांधे त्या दिशेने कसे आपटले, शेजारच्या बुटक्या ब्लॉकाने उंच ब्लॉकाला किती आधार दिला, हे पाहायला त्रिमितीय मॉडेल लागतं. आता ते चालवण्याइतकी यंत्रं महाविद्यालयांतही आहेत. कोयनेवर करण्यासारखं बरंचसं काम मला तिथे दिसतं.

भूकंपानंतर तड्यांमध्ये इपॉक्सी भरलं गेलं, वरचा भाग ताणलेल्या केबलींनी खाली बांधला गेला, आणि १९७३ पर्यंत उंच ब्लॉकांना मागच्या बाजूने काँक्रीटचे टेकू उभारून मान कायमची जाड करण्यात आली. पुढे २००० नंतरच्या दशकात सांडव्याचा भागही बळकट केला गेला. म्हणजे जगभरच्या पडद्यांवर हलणारी ती आकृती १९६७ च्या पहाटेची आहे, आजच्या धरणाची नाही. आजच्या छेदात जुन्या आणि नव्या काँक्रीटमधला सांधा आहे, त्याची पकड वेगळी, वय वेगळं. कोयना परिसरात भूकंप अजूनही होतात. ज्याला खरोखर उपयोगी पडणारं सिम्युलेशन करायचं असेल त्याने पुस्तिकेतली फाईल बाजूला ठेवून टेकूंसह मेश करावी, सांध्याला घसरण्याची आणि उघडण्याची मुभा द्यावी, आणि १९६७ च्या नोंदीबरोबर तिच्याहून लांब चालणारा हादराही लावून पाहावा.